विलासची पंचवीस पानं

बायकोला माहीत नाही. हरेशला माहीत नाही. विलासला तर नाहीच — आणि त्याला माहीत नाही म्हणूनच हे इतकी वर्षं माझ्यापाशी सुखाने राहिलं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि लिहिताना समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही. कारखान्यात मला मागून 'मुका' म्हणायचे. माझ्या कानावर यायचं. मी त्यावरही काही बोललो नाही.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी काहीतरी चांगलं होईल अशी आशा तुम्ही धरणार नाही. विलास तुपे नावाच्या माझ्या मित्राने जपानी कुस्तीवर मराठीत एक पुस्तक लिहिलं होतं. ते आलं नाही. माझ्यामुळे आलं नाही. आणि ते माझ्या हातून चुकून झालेलं नाही.

जपानी कुस्ती म्हटल्यावर हसू आलं असेल. येऊ दे. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या सोसायटीत मला याबद्दल दोनच प्रश्न विचारतात. 'ते जाडे लोक एकमेकांना ढकलतात, ते का?' नाही, ते सुमो, ते वेगळं. आणि दुसरा — 'पण ती खोटी असते ना हो?' हो. निकाल आधी ठरलेला असतो. मार मात्र ठरवून कमी लागत नाही. उघड्या छातीवर पंजा बसला की ओलं कापड फरशीवर आपटल्यासारखा आवाज येतो, आणि दोन मिनिटांत तिथे पाच बोटं उठतात. निकाल ठरलेला असताना दोन माणसं एकमेकांचं इतकं का सोसतात — आम्ही ते बघायला बसायचो.

आम्ही म्हणजे तिघं. हरेश उल्हासनगरचा, सिंधी, पडद्यांच्या कापडाचं दुकान. दुकानाच्या वरच्या खोलीत त्याने भिंतभर टीव्ही लावला होता आणि तिकडच्या वाहिन्यांची वर्गणीही तोच भरायचा. विलास बदलापूरचा, शिरगावातला, शाळेत भूगोल शिकवायचा. आणि मी आनंदनगरच्या एमआयडीसीत, रंगाच्या डब्यांची झाकणं तपासणारा. अठ्ठावीस वर्षं झाकणं. हातात गेज. झाकण त्यात नीट बसलं तर पास, नाहीतर बाद.

दर रविवारी सकाळी नऊला हरेशकडे जमायचं. दालपकवान, चहा, आणि त्या आठवड्यात तिकडे झालेली मोठी मॅच. नियम एकच, पण कडक: बघायचं ते कोरं बघायचं. म्हणजे निकाल माहीत नसताना. मॅच तिकडे बुधवारी-गुरुवारी होऊन गेलेली असायची. फोन उघडला की निकाल समोर हजर. तरी रविवारपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. चुकून कळलंच, तर त्याने आल्या आल्या सांगायचं — "मी भिजलो." मग त्याने मागे भिंतीला टेकून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. यात लाज कसली नव्हती. हरेश तर दर महिन्याला भिजायचा. "साईं, क्या करूं, भतीजे ने स्टेटस पे डाल दिया! गधा है!"

मुख्य मॅचच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची — कोण जिंकणार, कुठल्या डावाने. आणि मग परीक्षण. नेटवर आमचं एक पान होतं, त्यावर दर मंगळवारी आमच्यापैकी एकाचं परीक्षण जायचं. सुरुवातीला ते आम्ही तिघंच वाचायचो. पुढे लोक यायला लागले. कुणी नाशिकचा, कुणी दुबईत नोकरीला. मराठीत हे लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं बहुतेक.

बघायची तऱ्हा तिघांची तीन. हरेश घशाने बघायचा — प्रत्येक आपटीला ओरडायचा. मी मोजायचो. कुणी किती वेळा खांदा धरला, कितव्या मिनिटाला दम लागला. वहीत रेघा मारायचो, धंद्याची सवय. विलास पाय बघायचा. पहिली दहा मिनिटं आवाज बंद करायला लावायचा आणि नुसते पाय. "दादा, तोंडाने कुणीही नाटक करतं. पायाला नाटक जमत नाही." मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्याची नजर खरी होती. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

मग तो रविवार.

त्याच्या आधी काय झालं होतं ते सांगायला हवं. कारखान्यात ज्याला मी गेज कसा धरायचा इथपासून शिकवलं होतं, तो क्वालिटीचा हेड झाला. काचेच्या केबिनमध्ये बसला. मी बाहेर, टेबलावर, त्याच्या सहीची वाट बघत. हे मी एकट्या विलासला सांगितलं होतं. बायकोलासुद्धा आठवड्याने सांगितलं. विलासला त्याच संध्याकाळी. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मला ते फार बरं वाटलं होतं.

आणि त्याच पंधरवड्यात एक मॅच आली. पन्नाशीला टेकलेला एक पहिलवान, खांद्याला पट्ट्या लावलेल्या. समोर त्याचाच शिष्य. म्हातारा हरला. हरणारच होता. परीक्षणाची पाळी माझी होती. मी चार संध्याकाळी लिहीत बसलो. पहिल्यांदाच रेघा मारल्या नाहीत, काही मोजलं नाही. एक वाक्य अजून पाठ आहे — 'ज्याला पडायला शिकवलं, त्यानेच पाडलं. आणि म्हातारा पडतानाही नीट पडला, कारण वाईट पडणं त्याला येतच नव्हतं.' मी असं काही लिहू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रविवारी हरेशकडे गर्दी होती. त्याचा मेहुणा, शेजारचे दोघं, आणि कल्याणहून आमचे दोन वाचक, पहिल्यांदाच आलेले. मी कागद विलासकडे दिला — 'जरा बघ' म्हणून. त्याने तो मोठ्याने वाचला. बातम्या देतात त्या आवाजात, एकेक शब्द तोलून, मध्येच भुवई उडवत. लोक गालात हसायला लागले. आणि संपल्यावर कागद खाली ठेवून म्हणाला, "दादा, ही मॅच नाही रे. हे तुझं अप्रेजल आहे!"

"कसलं अप्रेजल?" हरेशने विचारलं.

"अरे, कंपनीत दादाला दादाच्या चेल्यानेच चितपट केला ना!"

खोली हसली. हरेशच्या नाकात चहा गेला. कल्याणचे दोघं आधी माझ्याकडे बघत होते, हसावं की नाही. मग तेही हसले. कारण मी हसलो. मी — हसलो! त्यांचं हसणं मी समजू शकतो, माझं हसणं अजून समजत नाही.

त्या मंगळवारी पानावर माझं परीक्षण गेलं नाही. विलासने स्वतःचं टाकलं. चांगलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढंसं? मित्र मित्राची चेष्टा करतात. खरं आहे. विलास तर हात पुसेपर्यंत विसरला असेल. पण मी सांगितलं ना, मी बोलणारा नाही. बोलणाऱ्याचं बोलून जातं. माझं कुठे जाणार? मी स्कूटरवरून घरी आलो, बायकोने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. आणि त्या 'काही नाही'मध्ये मी ठरवून टाकलं की विलासच्या हातून त्याची नजर काढून घ्यायची. कशी, ते माहीत नव्हतं.

ते आपसूक समोर आलं. गुरुवार होता, सुटायची वेळ, कॅन्टीनमध्ये बसलो होतो. फोन उघडला आणि फोटो — जिंकणाऱ्याला मिळणारा पट्टा डोक्यावर धरलेला, कपाळातून रक्त, आणि कोण ते स्पष्ट. भिजलो! रविवारी जाऊन तसं सांगायचं, भिंतीला टेकायचं. एवढंच करायचं होतं.

मी पुढच्या खुर्चीवर बसलो. चिठ्ठी लिहिली. बरोबर आली. विलासची चुकली.

"साईं!" हरेश उठून उभाच राहिला. "दादा तो छुपा रुस्तम निकला!"

विलासने मात्र नीट माझ्याकडे बघितलं. मत्सर नव्हता त्यात, कुतूहल होतं. "कसं ओळखलंस, दादा?"

मी म्हटलं, "पाय बघितले."

पुढच्या आठवड्यापासून मी ते ठरवून करायला लागलो. नुसता निकाल नाही बघायचो. जेवण झाल्यावर कानात इयरफोन घालून अख्खी मॅच बघायचो, दोनदा. कुठे काय बोलायचं ते पाठ करायचो. मग रविवारी पाचव्या मिनिटाला हळूच म्हणायचं, "याचा डावा गुडघा बघ. यातच संपणार हा." आणि वीस मिनिटांनी तो त्यातच संपायचा. सगळे माझ्याकडे वळून बघायचे. चारातलं एक मी मुद्दाम चुकवायचो. सगळी झाकणं पास झाली तर तपासणाऱ्यावर संशय येतो, हे मला चांगलं माहीत होतं.

हसू नका, पण आमच्यासारख्यांत याच्याइतकं हलकं काही नाही. कुस्तीचा निकाल ठरलेला असतो हे आम्हाला मान्य. लबाडी त्यात नाही. आपण कोरे असणं, एवढीच बघणाऱ्याची इमानदारी. तेवढीच त्याच्या हातात असते. ती मी विकली नाही, गहाण टाकली नाही. नुसती एका माणसाला खाली बघायला लावायला वापरली.

आणि ते जमलं. लोक पानावर विचारायला लागले, 'दादांचा अंदाज काय?' विलासची परीक्षणं आधी दोन पानी असायची, मग दीड, मग एक. मध्ये मध्ये 'कदाचित' यायला लागलं. 'मला वाटतं' यायला लागलं. आवाज बंद करून पाय बघणं त्याने एका रविवारी सोडलंच. मीच म्हणालो, "का रे, आवाज चालू ठेवायचा?" म्हणाला, "असू दे दादा, मला तरी कुठे कळतंय त्यातलं."

खरं तर त्याला कळत होतं. मॅच काय सांगतेय ते तो बरोबर वाचायचा. निकाल मॅच ठरवत नाही, तिकडे टेबलामागे बसलेला कुणीतरी ठरवतो — एखाद्याचा करार संपला म्हणून, एखाद्याचा गुडघा खरंच गेला म्हणून. विलास जे वाचायचा ते मॅचमध्ये असायचंच, फक्त शेवट वेगळा यायचा. हे एकदा, एकदाच, मी मोठ्याने बोललो असतो तर? मी शेवट म्हणजेच परीक्षा, असं होऊ दिलं. कारण त्या परीक्षेचा पेपर माझ्याकडे होता.

दीड वर्ष झालं असेल. हरेशच्या जिन्यात बुटाची नाडी बांधताना, वर न बघता त्याने विचारलं, "दादा, खरं सांग. मला काय दिसत नाहीये?"

मी म्हटलं, "सगळ्यांनाच दिसतं असं नाही, विलास."

घरी जाऊन पोटभर जेवलो त्या दिवशी. दोनदा भात घेतला.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. चेष्टेला उत्तर झालं होतं. थोडं जास्तच झालं होतं. तुम्हालाही वाटत असेल, कबुली ती हीच. मलाही लिहायला बसताना वाटलं होतं, इथपर्यंत सांगून उठावं. पण पुस्तक राहिलं ना.

ते तो आठ वर्षं लिहीत होता. हाताने, फुलस्केपवर, एकाच बाजूने. एकशे चाळीस पानं झाली होती आणि कल्याणचा एक छोटा प्रकाशक 'पाठवा, बघतो' म्हणाला होता. एका शनिवारी दुपारी विलास कापडी पिशवी घेऊन माझ्या घरी आला. दुसरी प्रत नव्हती. "टाइप करायला देण्याआधी तू एकदा तपास, दादा," म्हणाला. "जे चालणार नाही ते काढून टाक. माझ्याकडे बघू नकोस. तुझी नजर हवी मला."

माझी नजर!

तो गेल्यावर मी गॅलरीत बसलो. पहिली तीस पानं माहितीची होती. कुठली संस्था केव्हा फुटली, पट्टे किती, नियम काय. बरी होती. मला खोटं बोलायचं नाही — मी खूश होत होतो. मग एकतिसावं पान आलं.

तिथून प्रकरण होतं पडण्यावर. कुस्ती पाडणाऱ्याची नसते, पडणाऱ्याची असते, असं काहीसं त्याने म्हटलं होतं. पडणारा आपली मान, आपला मणका समोरच्याच्या हातात देतो, आणि समोरचा भर सभागृहात त्याला आपटतो — तो दुसऱ्या दिवशी चालू शकेल असा. हजार माणसं शत्रुत्व बघत असतात आणि त्या दोघांना ठाऊक असतं की आपण एकमेकांना सांभाळतोय. मग तिकडच्या सभागृहातल्या शांततेबद्दल होतं. मग भूगोलाच्या तासाला नकाशा पुसल्यावर फळ्यावर जो पांढरा धूर राहतो, त्याच्याबद्दल, आणि तिथून तो परत एका पहिलवानाच्या पाठीवर कसा आला, ते मला आता सांगताही येणार नाही. चहा गार झाला. बायको दोनदा हाक मारून गेली. माझा मी नव्हतो. इतकं सांगतो: मी जपानी कुस्ती वीस वर्षं बघत होतो आणि त्या दुपारी मला ती पहिल्यांदा दिसली.

आणि चव्वेचाळिसाव्या पानावर मी होतो.

त्याने लिहिलं होतं, माझा एक मित्र आहे, कारखान्यात तपासनीस. त्याने एकदा एका म्हाताऱ्या पहिलवानावर लिहिलं. मी ते चारचौघांत वाचून हसवलं. ते लेखन माझ्या सगळ्या लेखनापेक्षा खरं होतं, हे मला वाचतानाच कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच मी हसवलं. एवढं लिहून पुढे त्याने माझं ते वाक्य उतरवलं होतं, म्हाताऱ्याच्या पडण्याचं, अक्षर न् अक्षर. आणि खाली — त्याची माफी मागायची राहिली आहे.

आता तुम्हाला वाटेल, इथे माणूस विरघळतो. मी नाही विरघळलो. मला राग आला. तोंडाने हसलास आणि माफी कागदावर? पुस्तक छापून येईल, लोक तुझं मन किती मोठं म्हणून माना डोलावतील, आणि मी काय — त्या मोठ्या मनातला नमुना? दर रविवारी समोर बसत होतास. पाठीवर हात ठेवता येत होता तुला, मला माहीत होतं. तेव्हा का नाही?

आत जाऊन लाल पेन्सिल आणली.

पान एकतीस ते पंचावन्न. पंचवीस पानं. प्रत्येक पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एकेक तिरपी रेघ. घाई नाही केली. चव्वेचाळिसाव्या पानावरही तशीच रेघ, जास्त जोरात नाही, म्हणजे काही वेगळं दिसू नये. पुढची पंच्याऐंशी पानं परत माहितीची होती, डावांची नावं, याद्या. त्यांवर मी समासात 'छान' लिहिलं. एका ठिकाणी 'उपयुक्त' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो न्यायला आला. पानं चाळली, आणि मधल्या लाल रेघांवर थांबला. एक पान, दुसरं, तिसरं. मी त्याचा चेहरा बघत होतो. मला तो बघायचाच होता.

"हे सगळंच, दादा?"

"सगळंच."

"मला वाटलं होतं, यातच जरा काहीतरी…"

"लिहिणाऱ्याला तेच वाटतं." आणि मग म्हटलं, "लोक हसतील, विलास."

हा शब्द मी शोधून ठेवला होता. रात्रभर दुसरे बरेच शब्द तपासून बाद केले होते. तो बरोबर बसला.

तरी तो म्हणाला, "मग बाजूला ठेवतो. पुढेमागे कधी…"

तेव्हा मी त्याला आमच्या झाकणांचं सांगितलं. की बाद झाकण आम्ही नुसतं बाजूला ठेवत नाही, तिथल्या तिथे पंचने भोक पाडतो. ठेवलं की कुणालातरी मोह होतो, माल कमी पडला की ते परत चांगल्यात सरकवलं जातं. "ठेवू नकोस," म्हटलं. "ठेवलंस की परत घालशील." तो हसला, मान हलवली. माझ्यावर इतका विश्वास होता त्याचा! त्याचं अंग माझ्या हातात होतं, हे मला दिसत होतं, आणि ते कसं धरायचं हे सांगणारी पानं आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होती.

सोमवारी फोन आला. "दादा, फाडली. पाडलं भोक."

मी म्हटलं, "बरं केलंस."

प्रकाशकाने तीन महिन्यांनी बाड परत पाठवलं. माहिती भरपूर आहे, असं लिहिलं होतं; पण हे कोण सांगतंय ते कळत नाही. बरोबरच होतं त्याचं. सांगणारा त्या पंचवीस पानांत होता. विलासने उरलेलं बाड कुठे ठेवलं मी विचारलं नाही. त्याचं परीक्षणं लिहिणं थांबलं, मग रविवारी येणंही थांबलं. शाळेचं काम वाढलं म्हणाला. नेटवरचं आमचं पान आता मी चालवतो. लोक मला मानतात. परवाच कुणीतरी लिहिलं, दादांसारखी नजर मराठीत नाही.

बरं वाटलं का? वाटलं. हे लपवलं तर बाकीचं सांगण्यात काय अर्थ आहे? वर्षभर फार बरं वाटलं. स्कूटरवर एकटाच गुणगुणायचो.

गेल्या महिन्यात त्याच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो, शिरगावातच. घर बघायला या म्हणून वहिनींचा फोन होता. त्याचे सासरकडचे चारपाच जण आले होते. विलासने माझी ओळख करून दिली, खांद्यावर हात ठेवून. "हे आमचे दादा. मी मागे एक पुस्तक लिहिलं होतं, येड्यासारखं. यांनी वाचवलं मला. नाहीतर लोक हसले असते."

सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मग तो जरा खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्यात यांच्याबद्दल पण होतं एक पान. चांगलं लिहिलं होतं मी. यांनी तेसुद्धा काढून टाकलं. स्वतःची स्तुती अशी काढून टाकायला मोठं मन लागतं."

"दादा, आणखी थोडा घ्या ना," सुनंदावहिनींनी चहाचं भांडं पुढे केलं.

मी म्हटलं, "असू दे रे विलास, त्यात काय." आणि कप पुढे केला.

घरी येऊन मी ती पानं आठवून लिहायला बसलो होतो. दोन-तीनदा बसलो. कागदावर माझीच वाक्यं येतात. फळ्यावरच्या धुरापासून पहिलवानाच्या पाठीपर्यंत तो कसा पोचला होता, ते मला सापडत नाही. त्यालाही आता आठवत नसणार, आणि आठवत असेल तरी ते वाईट होतं अशी त्याची खात्री आहे. ती खात्री मी दिलेली आहे.

मी बदललोय असंही मी म्हणणार नाही. बातम्यांच्या आवाजातलं त्याचं ते वाचन कधी मध्येच कानात येतं, आणि हात अजून लाल पेन्सिलीकडे जातो.

विलास तुपेची पानं, एकतीस ते पंचावन्न, चांगली होती. मी वाचलेल्या कशाहीपेक्षा चांगली होती. पहिली रेघ ओढायच्या आधी मला ते माहीत होतं.